जुनी सिगार निम्म्यावर आली की कडू का होते? कारणं, तपासणी आणि उपाय

तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते. पाच-सात वर्षं सांभाळलेली सिगार पहिली वीस मिनिटं सुरेख लागते: सीडरचं लाकूड, मध, भाजलेले बदाम, धूर इतका मऊ की घशाला कळतही नाही. निम्म्यावर येता येता जिभेच्या मुळाशी कडवटपणा साचू लागतो. तोंडाकडचं टोक ओलसर, तपकिरी होतं, धूर गरम लागतो आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात ओल्या राखेसारखा वास येतो. त्याच डब्यातली दुसरी सिगार काढली तरी तेच. मग सगळ्या डब्याबद्दल निकाल दिला जातो: फार जुनी झाली, संपली.

बहुतेक वेळा ती संपलेली नसते. पान चांगलं असतं, पण ते जास्त ओलं असतं आणि त्याला घाईघाईने ओढलेलं असतं. हे दोन दोष एकमेकांना वाढवतात, म्हणून एकच दुरुस्त केला तर फरक जेमतेम जाणवतो आणि लोक कंटाळून सोडून देतात.

जुन्या सिगारलाच हे का होतं

सिगार गुंडाळून झाल्यावरही पानात हळूहळू बदल चालू राहतात. आंबवताना तयार झालेला अमोनिया निघून जातो, टॅनिनचा तुरटपणा बोथट होतो, निकोटिनचा ठसका कमी जाणवतो. त्याबरोबर सुगंधी तेलंही थोडी थोडी उडतात. त्यामुळे मुरलेली सिगार पहिल्या दहा मिनिटांत ताज्या सिगारपेक्षा पातळ वाटते. ओढणाऱ्याला सवयीची तीव्रता मिळत नाही, मग हात नकळत लवकर लवकर वर जातो. मिनिटाला एकाऐवजी तीन-चार झुरके होतात.

आता निखाऱ्यामागे काय चालतं ते बघा. दोन झुरक्यांच्या मध्ये निखारा थंडावायला वेळ मिळाला नाही की त्याच्या मागचं पान जळण्याआधीच भाजून निघतं. त्यातून निघणारी जड, डांबरी वाफ पुढच्या थंड पानांवर जाऊन बसते. जळताना तयार होणारं पाणीही तिथेच जमतं. सिगार निम्म्यावर येते तेव्हा निखारा नेमका त्याच लडबडलेल्या पानांपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणजे कडूपणा जाणवतो तिसाव्या मिनिटाला, पण तो पेरलेला असतो पाचव्या. म्हणूनच कडू लागल्यावर सावकाश ओढायला लागलं तर उपयोग कमी होतो. वेग पेटवल्यापासूनच सांभाळावा लागतो.

कडू म्हणजे नक्की कसं कडू?

उपाय करण्याआधी हे ठरवा, कारण प्रत्येक कडूपणाचं मूळ वेगळं असतं.

पहिल्याच झुरक्याला जळकट किंवा इंधनासारखी चव आली तर दोष पेटवण्यात आहे. निम्म्यावर, गरम धुरासकट आणि ओल्या टोकासकट आली तर वेग आणि ओलावा. नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं तर तो अमोनिया. सिगार अजून मुरलेलीच नाही, तिला आणखी काही महिने द्या. कडू नाही, पण पुठ्ठ्यासारखी बेचव लागते, हे कोरडेपणाचं लक्षण. बंद कपाटासारखा कुबट वास आला तर बुरशी शोधा.

आणि एक प्रकार असा, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही: कडूपणा फक्त ओठांना आणि जिभेच्या टोकाला लागतो, धुरात नसतो. सिगार तोंडातून काढून कापलेला भाग उजेडात बघा. मध्यभागी काळपट, चकचकीत, चिकट ठिपका दिसेल. तो साचलेला डांबर आहे. कोरड्या कागदी रुमालाने दाबून टिपा. पुसू नका, पुसलं की पसरतो. ठिपका मोठा असेल तर कटरने २ मिलिमीटरची आणखी एक चकती कापून टाका. अर्धी तक्रार तिथेच मिटते.

ओलावा: मुळाचं काम

ह्युमिडॉरसाठी, म्हणजे ओलावा राखून सिगारी ठेवायच्या डब्यासाठी, ७० टक्के आर्द्रता हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. ताज्या सिगारला तो चालून जातो, पण मुरलेल्या सिगारला ६२ ते ६५ टक्केच मानवतो. ओल्या पानातलं पाणी उडवण्यातच निखाऱ्याची उष्णता खर्च होते, पान अर्धवट जळतं आणि धूर जड होतो. शिवाय ओलं पान फुगतं, धुराची वाट अरुंद होते, ओढायला जोर लागतो आणि जोर लावला की निखारा आणखी तापतो. ओलं लाकूड फुंकून पेटवताना डोळे चुरचुरतात, अगदी तोच प्रकार.

पण ह्युमिडॉरचा काटा ६५ दाखवतो, यावर विसंबू नका. डब्यासोबत आलेले सुई-काट्याचे हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारी यंत्रं, बरेचदा चुकीचे असतात. पाच-सात टक्क्यांचा फरक सर्रास सापडतो. मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि त्यावर इतकेच थेंब पाणी टाका की मीठ ओल्या वाळूसारखं दिसेल, पण विरघळणार नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत ठेवा आणि तापमान फारसं हलणार नाही अशा जागी २४ तास राहू द्या. पिशवी न उघडता आकडा वाचा. तो ७५ यायला हवा. ७० आला तर तुमचं यंत्र ५ टक्के कमी दाखवतं, म्हणजे ज्याला तुम्ही ६५ समजत होता ते खरं ७० होतं. निम्म्यावर कडू होणाऱ्या सिगारींचं कोडं कित्येकदा याच एका तपासणीत सुटतं.

हायग्रोमीटर आर्द्रतेच्या पाकिटाला चिकटवून ठेवू नका, सिगारींच्या पातळीवर ठेवा. पाणी घालायच्या स्पंजापेक्षा ओलावा देणारी आणि शोषून घेणारीही पाकिटं बरी. ६० ग्रॅमचं एक पाकीट साधारण २५ सिगारींना पुरतं. तापमान १६ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. ते २४ अंशांच्या वर राहू लागलं की तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटायची भीती असते. हा किडा आत शिरला की बाहेरच्या पानाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पडतात. तसं दिसलं तर सगळा साठा हवाबंद पिशव्यांत घाला, एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस उणे २० अंशांच्या आसपास फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग खोलीच्या तापमानाला आणा. पायऱ्या गाळल्या तर पान तडकतं.

आता प्रत्यक्ष सिगार हातात घ्या. पेटवायच्या टोकापासून दोन बोटं वर, अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबा. दबून लगेच पूर्ववत झाली तर योग्य. दबून तशीच राहिली, स्पंजासारखी वाटली, तर ओली. कुरकुर आवाज आला तर कोरडी. हे तीन-चार ठिकाणी करून बघा, कारण एखाद्या जागी गाठ असेल तर तीही बोटाला कळते.

ओली सिगार ओढायच्या आधी कोरड्या डब्यात ठेवायची: सीडरचा रिकामा डबा, आत आर्द्रतेचं पाकीट नाही, झाकण लावलेलं. बारीक सिगारला एक-दोन दिवस, जाडीला तीन-चार. घरात ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा असेल तर रोज एकाच वेळी वजन करा. वजन उतरत असेपर्यंत पाणी बाहेर पडतंय. सलग दोन दिवस जवळपास तेच वजन आलं की सिगार खोलीतल्या हवेशी जुळली. मात्र हवा फारच कोरडी असेल, ५५ टक्क्यांच्या खाली, तर कोरडा डबा नको. त्याऐवजी बंद डब्यात ६२ टक्क्यांचं पाकीट ठेवून आठवडाभर थांबा.

उलटी चूकही होते. कोरडी पडलेली जुनी सिगार थेट ७० टक्क्यांत ठेवली तर आतलं पान फुगतं, बाहेरचं पातळ पान तितकं ताणत नाही आणि उभं फाटतं. आधी ५८ टक्के, आठवड्याने ६२, मग ६५ अशी चढण घ्या. उडून गेलेली तेलं मात्र परत येत नाहीत, ओलावा येतो इतकंच.

प्रवासातून आलेल्या सिगारींना निदान दोन-तीन आठवडे हात लावू नका. त्या काळात पानाच्या आतला आणि बाहेरचा ओलावा सारखा होतो.

कापणं, गार झुरका, पेटवणं

टोपीच्या, म्हणजे तोंडाकडचं टोक बंद करणाऱ्या पानाच्या, गोलाईवर जिथे वळण संपून सरळ भाग सुरू होतो, त्याच्या वर कापा. दीड ते दोन मिलिमीटर पुरे. खाली गेलात तर टोपी सुटते आणि बाहेरचं पान उलगडू लागतं. जुनं पान ठिसूळ असतं, म्हणून कटरला धार हवी आणि हात एकाच झटक्यात चालायला हवा.

कापल्यावर न पेटवता एक गार झुरका घ्या. मिल्कशेकच्या स्ट्रॉसारखा किंचित विरोध जाणवला की ठीक. गाल आत जात असतील तर वाट तुंबलेली आहे आणि अशी सिगार निम्म्यावर कडू होणारच, कारण डांबर त्या गाठीपाशी अडतो. गाठ बोटांत धरून हळुवार मळा. तरीही मोकळी झाली नाही तर तोंडाच्या टोकातून बारीक पोलादी सळई फिरवत फिरवत गाठीच्या पुढेपर्यंत घाला आणि फिरवतच बाहेर काढा. नुसती ढकललीत तर पान पुढे दाबलं जाऊन गाठ आणखी घट्ट होते.

पेटवताना ब्यूटेन लायटर किंवा लांब काडी वापरा. मेणबत्ती किंवा वातीचा लायटर नको. मेणाचा आणि इंधनाचा वास पानात शिरतो आणि जुन्या सिगारचा नाजूक सुगंध त्याखाली दबून जातो. ज्योत आणि टोक यांत एक ते दीड सेंटीमीटर अंतर ठेवा. ज्योत पानाला टेकवायची नाही. ४५ अंशांत धरून फिरवत राहा, कडा सगळीकडून करडी-काळी होऊ द्या, मग हवेत फुंकून बघा: निखारा चकतीभर सारखा लाल दिसला पाहिजे. एक बाजू काळी राहिली असेल तर तिथेच पुन्हा ऊब द्या. त्यानंतरच पहिला झुरका. घाईत ज्योत आत ओढून घेतली की कडेचं पान कोळशासारखं होतं आणि ती चव पहिली दहा मिनिटं जात नाही.

वेग

घड्याळ समोर ठेवा, लाज वाटायचं कारण नाही. ५० रिंगच्या रोबुस्तोला (रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा ही साधारण २० मिलिमीटर जाडीची आणि ५ इंच लांबीची) दर मिनिटाला एक झुरका, दोन-तीन सेकंदांचा, ओढ हलकी. अशी सिगार तासभर चालायला हवी. चाळीस मिनिटांत संपत असेल तर कडूपणाचं उत्तर तिथेच आहे. ७ इंची, ४७ रिंगच्या चर्चिलला दीड तास तरी द्या. ३८ रिंगची बारीक लान्सेरो पटकन तापते, तिथे झुरका आणखी हलका आणि अंतर सत्तर-ऐंशी सेकंदांचं.

घड्याळापेक्षा खात्रीचं साधन म्हणजे बोट. राखेच्या रेषेच्या दोन सेंटीमीटर मागे बाहेरच्या पानाला टेकवून बघा. कोमट लागलं तर चालू द्या. बोट ठेववत नसेल तर सिगार राखदाणीच्या खाचेत ठेवा आणि दोन मिनिटं विसरा. राख दोन-अडीच सेंटीमीटर होईपर्यंत झटकू नका. ती निखाऱ्यावर पांघरुणासारखी बसते आणि त्याचा ताव आवरते.

पण वेग टिकवायचा तर मनाची समजूतही घालावी लागते आणि ती चव घेण्याच्या पद्धतीतून येते. मुरलेल्या सिगारची मजा ठसक्यात नसते, वासात असते. धूर तोंडात तीन-चार सेकंद फिरवा, फुफ्फुसात घेऊ नका. त्यातला साधारण चौथा हिस्सा नाकाने हळूच सोडा, बाकीचा तोंडाने. सीडर, चामडं, कोको, वाळलेलं गवत हे सगळं नाकाच्या वाटेवर उलगडतं आणि धूर सोडल्यावर वीस-तीस सेकंद रेंगाळतं. ती रेंगाळ संपेपर्यंत पुढचा झुरका घ्यायचाच नाही, एवढं पाळलं तरी मिनिटाचं अंतर आपोआप पडतं. ज्यांना 'चवच लागत नाही' म्हणून भराभर ओढावंसं वाटतं, त्यांनी आधी हे करून बघावं. उपाय म्हणून सळईपेक्षा आणि पाकिटांपेक्षा हा मोठा आहे.

तोंड मधूनमधून साध्या पाण्याने ओलं ठेवा. उपाशीपोटी ओढू नका. गरगरलं, घाम फुटला, मळमळलं तर ते निकोटिन आहे, सिगार ठेवून द्या, बसा, साखरेचं पाणी घ्या. आणि एक गैरसमज काढून टाका: सिगार मुरली म्हणून निरुपद्रवी होत नाही. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच आणि बंद खोलीत बसलेल्या इतरांनाही तो धूर बाधतो.

चालू सिगार कडू झालीच तर

ओढणं थांबवा. सिगारमध्ये हलकेच फुंका, तीन-चार सेकंद, गाल न फुगवता. पेटत्या टोकातून करडा, दाट धूर बाहेर पडेल. तो साचलेला शिळा धूर आहे. दहा-बारा सेकंद थांबून पुन्हा फुंका. दुसऱ्या-तिसऱ्या फुंकरीला धूर पातळ आणि निळसर दिसला की पुरे. एक मिनिट विश्रांती, मग हलका झुरका. टोकावर ठिपका असेल तर त्याच वेळी चकती कापा. साधारण निम्म्यावर आल्यावर चव बिघडण्याची वाट न बघता एकदा असं फुंकणं चांगलं.

विझली तर राख झटका, आधी फुंकून शिळा धूर काढा, मग सुरुवातीसारखीच ऊब देऊन पेटवा. तासाभरात पेटवली तर बहुधा सावरते. रात्रभर राहिलेली अर्धी सिगार पुन्हा पेटवण्यात अर्थ नाही.

एक बाजू पुढे पळत असेल तर मागे राहिलेल्या बाजूला ज्योतीची ऊब द्या आणि ती बाजू खाली धरा. पुढे पळालेल्या कडेला ओल्या बोटाचा हलका स्पर्श पुरतो. आतलं जळतंय आणि बाहेरचं पान नळीसारखं उभं राहतंय, असं झालं तर बाहेरचं पान जास्त ओलं आहे किंवा झुरके फारच लांब अंतराने पडताहेत. नळी राखेपर्यंत जाळून टाका आणि उरलेल्या सिगारींना कोरडा डबा दाखवा.

खरंच संपलेली सिगार ओळखायची कशी

वय आधी नक्की करा. क्यूबन डब्याच्या तळाशी शिक्का असतो: कारखान्याचा संकेत, स्पॅनिश महिन्याची पहिली तीन अक्षरं (जानेवारीसाठी 'एनेरो'ची, ऑगस्टसाठी 'आगोस्तो'ची) आणि वर्षाचे दोन आकडे. ही तारीख डबा भरल्याची आहे, पान तोडल्याची नाही. सिगारवरचं पारदर्शक सेलोफेन पिवळं-तपकिरी पडलं असेल तर तीही वयाची खूण, पण ढोबळ.

मुळातच सौम्य असलेल्या सिगारी लवकर उतरतात. आतल्या भरणात लिखेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडचं दणकट पान, जास्त असलेल्या सिगारी अधिक वर्षं टिकतात. संपलेल्या सिगारचं लक्षण कडूपणा नाही. ती पहिल्या झुरक्यापासूनच कोऱ्या कागदासारखी लागते, नाकाने धूर सोडला तरी काही हाती लागत नाही आणि शेवटपर्यंत तशीच राहते.

बाहेरच्या पानावर पांढरट लव दिसली तर तिला कौतुकाने 'मुरल्याची खूण' म्हणायची घाई करू नका. बहुतेकदा ती बुरशीच असते. वरवर असेल तर मऊ कोरड्या ब्रशने बाहेर नेऊन झटका आणि आर्द्रता उतरवा. पेटवायच्या टोकात, भरणाच्या आत शिरली असेल तर ती सिगार टाकून द्या.

डब्याबद्दलचा निर्णय एका सिगारीवर घेऊ नका. तीन काढा. पहिली आहे त्या ओलाव्यात, पण मिनिटाला एकच झुरका या वेगाने. दुसरी चार दिवस कोरड्या डब्यात ठेवून, त्याच वेगाने. तिसरी ६२ टक्क्यांवर महिनाभर ठेवून. प्रत्येक वेळी तीन हिश्श्यांची चव, लागलेला वेळ आणि पेटवण्याआधीचं वजन वहीत लिहा. पहिलीच सुधारली तर दोष हाताचा होता. दुसरी किंवा तिसरी सुधारली तर ह्युमिडॉरचा. सगळा डबा ६२ वर आणा. तिन्ही निम्म्यावर कडूच झाल्या आणि नाकातही झोंबल्या, तर डबा बंद करून वर्षभर बाजूला ठेवा. तिन्ही बेचव निघाल्या तर आणखी मुरवत बसू नका, उरलेल्या लवकर ओढून मोकळे व्हा.